जोडधंदा : आधी आवाज, मग कॅमेरा

सांगोला भागातून एका ताईंचे पत्र आले आहे. वहीच्या कागदावर, चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. दोन एकर डाळिंब तेल्याने गेले, बाग काढून टाकली. आता त्या जागी मका आहे आणि दावणीला दोन गायी आहेत. थोरला मुलगा बी. ए. झाला, नोकरीची वाट पाहून थकला, आणि आता शूटिंगचा धंदा करतो म्हणतो. भावकीतल्या दोन लग्नांत त्याने फोनवर केलेले चित्रण लोकांना आवडले. त्याने सामानाची यादी केली आहे, तिची बेरीज होते दोन लाख चाळीस हजार. दुकानदार हप्त्यावर द्यायला तयार आहे, पण आधी साठ हजार रोख मागतो. "माझ्या पाटल्या आहेत. त्या मोडू का नको, एवढेच कळवा," असे ताईंनी शेवटी लिहिले आहे.

एवढेच कळवायचे तर ते एका शब्दात होईल : मोडू नका. पण नुसते नाही म्हटले तर पोरगा रुसून बसेल, आणि त्याचे सगळेच चुकते आहे असेही नाही. गावोगाव आज चित्रण लागते. लग्न, साखरपुडा, बारसे, डोहाळेजेवण तर आहेच. शाळेचे संमेलन, हरिनाम सप्ताह, बोकड-गाय विकायची असली तरी तिचा व्हिडिओ लागतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केली, तेव्हापासून निशाणाजवळ कॅमेरा धरून उभी राहणारी पोरेही चार पैसे मिळवतात. तेव्हा धंदा खोटा नाही. यादी मात्र खोटी आहे.

ताई, ती यादी मी दोनदा वाचली. नऊ जिनसा आहेत. मोठा कॅमेरा, त्याची दोन भिंगे, हात हलला तरी चित्र हलू न देणारा गिंबल, ड्रोन, ड्रोनच्या जादा बॅटऱ्या, दिवे, बॅग, एक मेमरी कार्ड. माइक एकही नाही. हार्ड डिस्क नाही. मिक्सिंग कशावर करणार, त्या कॉम्प्युटरचा पत्ताच नाही. ट्रॅक्टर घेतला, नांगर घेतला, आणि बियाण्याला पैसे उरले नाहीत, असे हे झाले आहे.

दुसरे, या धंद्याचे पंचांग पाहावे. तुळशीची लग्ने लागली की मुहूर्त उघडतात. मध्ये पौष येतो, तिसऱ्या वर्षी अधिकमास येतो, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नाचे काम जवळजवळ थांबते. हप्त्याला मात्र चातुर्मास नसतो. गाय आटली तरी तिला वैरण घालावीच लागते, तसा तो बारा महिने तोंड उघडून उभा असतो. नोकरदाराने हप्त्यावर वस्तू घेणे वेगळे आणि आपण घेणे वेगळे, हे दुकानदार सांगणार नाही.

आता माइकचा मुद्दा. तो मी का धरून बसलो आहे, ते सांगायला घरची गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या पुतणीच्या लग्नात, २०१५ साली, हळदीच्या आदल्या दिवशी घाणा भरला. जात्याला हळकुंड बांधले आणि आत्या ओव्या म्हणायला बसली. घाण्याच्या त्या सगळ्या ओव्या आमच्या घरात तिच्याशिवाय कोणाला येत नव्हत्या. बाकीच्या बायका दोन ओळी धरायच्या आणि पुढे तिच्या तोंडाकडे पाहायच्या. व्हिडिओवाला मीच ठरवला होता. त्याचा कॅमेरा मोठा, काळा, भारदस्त. तो पाहूनच ठरवला. त्याने चित्रण चांगले केले. दीड वर्षाने आत्या गेली. तिच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले, तेव्हा कोणीतरी म्हणाले, घाण्याचे लावा. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. आत्या दिसते. कपाळावरचे गोंदण दिसते, जात्याचा खुंटा धरलेला हात दिसतो, ओठ हलतात. आणि ऐकू येते ती मंडपामागच्या जनरेटरची घरघर. मध्ये मध्ये एखादा शब्द वर येतो आणि बुडतो. माझी वहिनी टीव्हीजवळ जाऊन कान लावून बसली. मग कोणीतरी तो बंद केला.

त्या मुलाला दोष काय द्यायचा? ठरवताना मी त्याला कॅमेरा दाखव म्हणालो होतो. माइक दाखव म्हणालो नव्हतो.

हे असे का झाले त्यालाही कारण आहे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएसची टेप आणली आणि पुढे लग्नाची कॅसेट आपल्या तालुक्यांपर्यंत पोचली. खांद्यावर कॅमेरा, मागे फोकस धरणारा पोरगा, आणि त्या उजेडात घाम पुसणारी नवरी, हे ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल. त्या कॅमेऱ्याच्या नाकावर माइक बसवलेलाच असे. चित्र धूसर, पण आवाजाची काही सोय होती. २००८ साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हा फोटोचा कॅमेरा आला, तो पूर्ण एचडी चित्रण करी आणि चित्र सिनेमासारखे दिसे. फोटोवाले मग व्हिडिओवाले झाले. पण त्या कॅमेऱ्याला हेडफोन लावायला जागा नव्हती, आणि आवाज हाताने कमी-जास्त करण्याची सोय कंपनीने २०१० साली सुधारणा काढून दिली. चित्राच्या नादात आवाज मागे पडला, तो पुष्कळांच्या बाबतीत अजून मागेच आहे.

आवाजाचा नियम एकच ध्यानात ठेवावा. अंतर दुप्पट झाले की आवाजाची शक्ती चौथाई उरते. बोलणाऱ्याच्या छातीवरचा माइक तोंडापासून साधारण एक वीत असतो. कॅमेरा दहा फुटांवर, म्हणजे तेरा-चौदा विती. मोकळ्या रानातला हिशेब धरला तर कॅमेऱ्यापाशी पोचेपर्यंत तो आवाज दीडशेहून अधिक पटींनी क्षीण होतो. जनरेटर मात्र जिथल्या तिथे गर्जत असतो. दोन लाखांचा कॅमेरा घेतला म्हणून हे अंतर कमी होत नाही. हजार रुपयांच्या आसपास मिळणारा वायरचा कॉलर माइक ते कमी करतो.

बोया कंपनीचा बीवाय-एमवन हा असा माइक पुष्कळ जण वापरतात. त्याची वायर सहा मीटर लांब असते आणि त्यावर फोन-कॅमेरा असा एक खटका असतो. खटका चुकीच्या बाजूला राहिला की आवाज गायब, हे आधीच सांगून ठेवतो. पण इतकी लांब वायर लग्नात पायात येते. त्यावर गरिबाचा उपाय असा : घरातला जुना फोन घ्यावा, तो फ्लाइट मोडवर टाकावा, त्याला माइक जोडावा, ध्वनिमुद्रण चालू करून तो फोन भटजींच्या किंवा बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून द्यावा. फोनला माइकच्या पिनेचे भोक नसेल तर टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो. तो आवाज आत घेणारा आहे ना, हे दुकानातच लावून पाहावे, कारण काही जोड फक्त ऐकण्याचे असतात. मग कॅमेरा चालू करून एक जोरात टाळी वाजवावी. मिक्सिंगच्या वेळी कॅमेऱ्यातली टाळी आणि फोनमधली टाळी एकावर एक आणली की ओठ आणि शब्द जुळतात. तासाभराच्या कार्यक्रमात दोन यंत्रांची घड्याळे किंचित पुढे-मागे सरकतात, म्हणून शेवटीही एक टाळी मारावी. टाळीला पैसे पडत नाहीत.

बिनतारी माइक सोयीचे खरे. रोडची, डीजेआयची छोटी जोडी आता सर्वत्र दिसते. पण हे माइक वायफायच्याच लहरींवर चालतात. मध्ये माणसांची गर्दी आली, किंवा बोलणारा पाठ फिरवून उभा राहिला, की आवाज तुटतो. घ्यायचाच तर छातीवरच्या डबीतच मुद्रण करून ठेवणारा घ्यावा. हवेत तुटले तरी डबीत राहते. पण ही दुसऱ्या हंगामाची खरेदी आहे.

कीर्तन किंवा मंगलाष्टके कर्ण्यावरून येतात, तेव्हा कर्ण्यासमोर माइक धरू नये. साउंडवाल्याशी गोड बोलावे, चहा पाजावा, आणि त्याच्या मिक्सरमधून एक वायर मागून घ्यावी. बुवांचा आवाज तिथे स्वच्छ मिळतो. मात्र मिक्सरमधून येणारा आवाज माइकच्या मानाने फार जोरकस असतो. तो थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात घातला तर फाटतो. जोर कमी करणारी वायर मिळते, ती घ्यावी, नाहीतर झूमच्या एच-वन-एनसारखा खिशातला रेकॉर्डर घ्यावा, ज्यात असा जोरकस आवाज घेण्याची सोय असते. कॅमेऱ्यातला आवाज आपोआप कमी-जास्त होण्याचा बेत बंद करावा. तो चालू राहिला तर बुवा क्षणभर थांबले की यंत्र कान ताणते, मागची कुजबुज आणि पंख्याचा आवाज वर येतो, आणि मृदंग पडला की सगळे दाबून टाकते. काटा वजा बाराच्या जवळपास राहील असे लावावे आणि कानाला हेडफोन लावून बसावे. हेडफोन न लावता मुद्रण करणे म्हणजे धार न पाहता चरवी खाली ठेवून बसणे.

वारा हा आणखी एक वैरी. माइकला केसाळ टोपी मिळते, ती असू द्यावी.

इथे हिशेबाची एक गोष्ट सांगतो. कॅमेरा चातुर्मासात झोपतो, पण माइक झोपत नाही. श्रावणातली पारायणे, सप्ताह, गणपतीतली भजने, नवरात्रातली भारुडे ही सगळी आवाजाची कामे आहेत, आणि ती फोनच्या चित्रावरही भागतात. तेवढ्याने घर चालणार नाही, पण ओळख वाढते आणि मार्गशीर्षातली ऑर्डर तिथेच ठरते.

आता कॅमेरा. चिरंजीव म्हणतील, काका कॅमेऱ्यावर कधी येणार! आलो. पहिले वर्षभर फोन चालेल. दिवसाउजेडी आजचा मध्यम किमतीचा फोन उत्तम चित्र देतो. रात्रीच्या वरातीत आणि अंधाऱ्या मंगल कार्यालयात तो कमी पडतो, आणि मे महिन्याच्या उन्हात तापून बंद पडतो. त्यावर उपरण्याची सावली धरावी. ज्या लग्नाला मोठाच कॅमेरा हवा म्हणतील, त्या दिवसापुरता सोलापूर-पुण्याहून भाड्याने आणावा आणि ते भाडे बिलात धरावे. एका हंगामात दिलेले भाडे कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीला आले, की मग विकत घेण्याचा विचार करावा. त्या आधी नाही.

घ्यायची वेळ आली तर नावाला भुलू नये, चार गोष्टी विचाराव्यात. बाहेरच्या माइकला भोक आहे का? हेडफोनला आहे का? सलग किती वेळ चालतो? बॅटरी किती टिकते? जुने फोटो-कॅमेरे पुष्कळसे २९ मिनिटे ५९ सेकंद झाली की आपोआप थांबतात. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त मुद्रण करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त जकात लागे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली. जकात युरोपची, आणि इथे नेमका अक्षता पडताना कॅमेरा बंद! असा कॅमेरा असेल तर घड्याळ पाहून, विधी नसेल तेव्हा आपणच बंद-चालू करावा.

सोनीचा झेडव्ही-ई-टेन हा २०२१ साली आलेला कॅमेरा या कामाला बरा. माइक आणि हेडफोन दोन्ही लागतात. पण बॅटरी चित्रणात तास-सव्वा तासात संपते, तेव्हा तीन तरी हव्यात. कार्ड एकच बसते. आणि चित्र स्थिर ठेवण्याची यंत्रणा कॅमेऱ्याच्या अंगात नाही, म्हणून स्टँड हवाच. त्याहून स्वस्त हवा तर पॅनासॉनिकचा जी-सेव्हन, २०१५ चा, जुन्या बाजारात पाहावा. माइक लागतो, हेडफोन लागत नाही, अंधारात सोनीइतका चालत नाही. दिवसाच्या कामाला पुरे. भाव सतत हलतात, म्हणून इथे देत नाही.

पुण्या-मुंबईचा किंवा अमेरिकेतला पाहुणा "माझा जुना घेऊन जा" म्हणाला तर हरखून जाऊ नये. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेची ६०. तिकडचा कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे घेतो. आपल्या ट्यूबलाइटखाली तसेच चित्रण केले तर चित्रात उजेडाच्या लाटा पळतात. कॅमेरा पाल पद्धतीवर, म्हणजे २५ किंवा ५० चित्रांवर आणता आला पाहिजे. काही तिकडच्या मॉडेलांत ते बदलताच येत नाही. कसाही असो, घरातल्या दिव्याखाली शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावरच ठेवावे.

जुना कॅमेरा बैल पाहून घेतो तसा घ्यावा. भिंगातून बॅटरीचा उजेड पाडून पाहावा. आत कोळिष्टकासारखे दिसले तर ती बुरशी. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग आहेत का पाहावेत. माइक लावून पिन हलवावी, खरखर झाली तर भोक सैल झाले आहे. आणि अर्धा तास सलग चालवून पाहावा. मालक घाई करू लागला तर उठून यावे. बिल आणि क्रमांक जुळलाच पाहिजे.

कार्डाची काटकसर करू नये. फोर-के चित्रण सेकंदाला शंभर मेगाबिटने केले तर तासाला ४५ जीबी खाते, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड सव्वा तासाच्या थोडे वर चालते. गावाकडे लोक फोनवर आणि टीव्हीवर पाहतात, त्यांना फुल एचडी भरपूर झाले. त्याला निम्मी जागा पुरते. कार्डावर व्ही-३० अशी खूण पाहावी, म्हणजे सेकंदाला निदान ३० मेगाबाइट ते लिहू शकते. खोटी कार्डे फार आहेत. वर १२८ लिहिलेले आणि आत मावते थोडेच. नवे कार्ड आणले की एकदा काठोकाठ भरून, परत लावून पाहावे, आणि मगच मंडपात न्यावे. त्या रात्री झोप कितीही आली तरी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय कार्ड कोरे करू नये. लग्न पुन्हा लावता येत नाही.

ड्रोनचे दोन शब्दांत सांगतो : आत्ता नको. २०२१ च्या ड्रोन नियमांमुळे नोंदणी, परवाना, कुठे उडवायचा कुठे नाही, हे सगळे मागे लागते. आणि एका फटक्यात झाडात अडकून पैसे गेले तर हप्ता तसाच. ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला दिवसाचे पैसे देऊन बोलवावे. गिंबलही भाड्याचा. स्टँड मात्र स्वतःचा, जड आणि धक्का न देता वळणाऱ्या डोक्याचा घ्यावा. पावसाळ्यात सगळे सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावे.

म्हणजे ताई, पहिली खरेदी अशी : दोन वायरचे कॉलर माइक, बरा हेडफोन, स्टँड, दोन खरी कार्डे, दोन हार्ड डिस्क. जुना फोन घरात आहेच. हे वीस-बावीस हजारांच्या आसपास बसेल, आणि ते तुमच्या दुधाच्या बिलातून दोन-तीन हप्त्यांत, व्याजाशिवाय, गोळा होईल. कॉम्प्युटर लगेच नको. तालुक्याच्या व्हिडिओवाल्याकडे एक हंगाम मदतनीस म्हणून जावे आणि त्याच्याच कॉम्प्युटरवर मिक्सिंग शिकावे. डाविंची रिझॉल्व्हची फुकट मिळणारी आवृत्ती चांगली आहे, पण तिला दणकट यंत्र लागते. ऑर्डर घेताना निम्मा इसार, आणि काय देणार, कधी देणार हे कागदावर. भावकीत कागद कसा मागायचा, असे चिरंजीव म्हणतील. भावकीतच मागावा.

आणि मुलाला आणखी एक काम सांगा. गावात सप्ताह बसेल तेव्हा एका रात्रीचे कीर्तन त्याने टिपून आणावे आणि तुम्हाला ऐकवावे. तुम्ही चित्राकडे पाहू नका, डोळे मिटून ऐका. बुवांचा शब्द वेगळा, मृदंग वेगळा, टाळ वेगळे ऐकू आले, तर पहिला इसार घ्यायला हरकत नाही. नाही आले तर पुढच्या सप्ताहाला पुन्हा बसावे. काय झाले ते पत्राने कळवा.

फोनवरच मिक्सिंग कसे करावे असे तिघा वाचकांनी विचारले आहे. ते पुढच्या अंकात.